प्रश्न तुमचे: आधी हसलो, मग स्वतःचीच लाज वाटली

नमस्कार ताई,
मित्राने सांगितलं म्हणून 'मॅन बाईट्स डॉग' हा १९९२चा बेल्जियन पिक्चर बघितला. एका खुन्यावर डॉक्युमेंटरी करणाऱ्या पोरांची गोष्ट, सगळं त्यांच्याच कॅमेऱ्यातून. अर्धा पिक्चर मी हसत होतो, मग ते एका जोडप्याच्या घरात घुसतात तो सीन आला आणि पोटात गोळाच आला. आता वाटतंय की आधी हसलोच कसा? आणि त्या खुन्याची, बेनची आई, आजी-आजोबा एवढे खरे कसे वाटतात?
– एक वाचक, सांगली

तुम्ही हसलात त्यात तुमचं काही चुकलेलं नाही, पिक्चर रचलाच तसाय. बेन बोलघेवडा, कविता म्हणणारा, पियानो वाजवणारा, प्रेताला किती वजन बांधलं की ते पाण्यात खाली राहतं हे तो एखाद्या मास्तरासारखा समजावतो, आणि आपण ऐकत बसतो. कॅमेरावाली पोरंही तशीच ऐकत बसतात ना!

मला विचाराल तर सगळ्यात भयंकर सीन तुम्ही म्हणता तो नाहीच, तो त्या एकट्या म्हातारीचा. टॉवरमधल्या लोकांच्या एकटेपणावर कार्यक्रम करतोय असं सांगून बेन आत शिरतो, कॅमेरा बघून ती बिचारी दार उघडते, मग हिचं हार्ट वीक आहे हे त्याच्या लक्षात येतं आणि तो नुसता जोरात ओरडून तिचा जीव घेतो, वर सांगतो की बंदुकीची गोळी वाचली. इथे क्रू नुसता बघत नाहीये हो, त्यांच्या कॅमेऱ्यामुळेच तर दार उघडलं! पुढे प्रेतं उचलायला हात लावणं, पैसे संपल्यावर बेनचे पैसे घेणं, साउंडवाला मेला की धंद्यातली जोखीम म्हणून दुसरा आणणं, हे सगळं होत होत ती पोरं त्या घरापर्यंत पोचतात. तिथे तुमचं हसू थांबलं, ते थांबावं म्हणूनच तो सीन आहे असं मला मनापासून वाटतं. तरी तो बघवत नाही हे खरं, मी दुसऱ्यांदा बघताना पुढे ढकलला.

घरच्या लोकांचं म्हणाल तर ते खरेच आहेत. बेन झालेल्या बेनुआ पोल्वोर्डची स्वतःची आई आणि आजी-आजोबा, आणि पिक्चर नक्की कशावर आहे याची त्यांना पूर्ण कल्पना दिलेली नव्हती, त्यामुळे पोराचं कौतुक करताना ते ॲक्टिंग करतच नाहीयेत. आता हे मला पटत नाही, इतका चांगला पिक्चर असूनही नाही पटत. कारण जे पिक्चरमधल्या क्रूने म्हातारीशी केलं त्याचंच हे एक छोटं रूप झालं, विश्वासाने दार उघडणाऱ्या माणसाला पूर्ण न सांगता शूट करायचं. रेमी बेल्वो, आंद्रे बोंझेल आणि पोल्वोर्ड, तिघांनी मिळून दिग्दर्शन केलं, हातात पैसा नाही, १६ एमएमच्या स्वस्तातल्या फिल्मवर ब्लॅक अँड व्हाइट, आणि तरी त्याच वर्षी कान फिल्म फेस्टिव्हलच्या क्रिटिक्स वीक या विभागात पोचले. पण पात्रांनाही त्यांनी स्वतःचीच नावं दिली, क्रूमधला रेमी तो रेमीच, आंद्रे तो आंद्रेच, दोष दुसऱ्या कुणावर ढकलला नाही, हे मात्र मला आवडतं.

शेवटचा शॉट परत बघा. सगळे मेलेत, कॅमेरा जमिनीवर आडवा पडलाय, आणि रीळ संपेपर्यंत तो चालूच राहतो.