वाळवंटातल्या काही मुंग्यांच्या राण्यांना पंख का नसतात?

मृगाचा पाऊस पडला की आमच्या बीडकडेही पंखवाल्या मुंग्या निघतात, त्यामुळे तुमचा प्रश्न मलाही पडला होता.

पंखवाली राणी मिलनानंतर पंख टाकते आणि बऱ्याच जातींत एकटीच जमिनीत शिरते. छातीतले उडण्याचे स्नायू विरघळवून ती पहिल्या अळ्या पोसते. म्हणून तिची छाती कामकरी मुंगीपेक्षा भरदार.

पण एकटीनं मांडलेला हा संसार बहुतेक वेळा बुडतो, त्यात तापलेली वाळू म्हणजे फारच अवघड. स्पेनमधल्या कॅटॅग्लिफिस वंशाच्या एका मुंगीत काही राण्यांचे पंख आखूड, तर काही बिनपंखी आणि दिसायला कामकरीसारख्या. फरक पोटात असतो: अंडाशय मोठं. अशी राणी कामकरींचा जथा सोबत घेऊनच वेगळी चूल मांडते. नामिब वाळवंटातल्या ऑसिमर्मेक्सची राणीही बिनपंखीच. नर मात्र उडतात, म्हणून लांबच्या वारुळांशी नातं टिकतं.

मला सगळ्यात थक्क करते ती भारतातली डायकॅमा. तिच्यात राणी उरलेलीच नाही! छातीवरचे पंखांचे दोन इवलेसे अवशेष शाबूत असलेली कामकरीच मिलन करून अंडी घालते, आणि नव्यानं जन्मलेल्या बहिणींचे अवशेष कुरतडून टाकते.