रेड-१ (दोन डिस्कवर तोच डेटा) मधली एक डिस्क गेली, दुसरी ठणठणीत आहे, तरी मशीन 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणतं. सॉफ्टवेअर रेड (कार्डाशिवाय, ऑपरेटिंग सिस्टमच चालवते ते) बेभरवशाचं असतं का? रेडचं कार्ड घ्यावं का?

बेभरवशाचं रेड नसतं, मशीन लावून देणारा असतो.

प्रश्न वाचून वाटलं, हा आमच्या साडूंनीच टाकलाय. ते हार्डवेअरचा धंदा करतात आणि 'सॉफ्टवेअर रेड म्हणजे पोराटोरांचा खेळ' हे दर लग्नामुंजीत एकदा तरी ऐकवतात. मिरजेतल्या एका छापखान्याला त्यांनीच मशीन दिलं होतं. गिऱ्हाइकाच्या हट्टापायी डेबियन लिनक्स, दोन डिस्क, आणि रेड चालवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामचं, म्हणजे एमडीअ‍ॅडमचं रेड-१. ऐन लग्नसराईत पहिली डिस्क मेली आणि मशीन तुमच्यासारखंच काळ्या पडद्यावर बसलं. साडूंचं निदान तयार: रेड उडालं, फॉरमॅट मारू, कार्डाचं कोटेशन पाठवतो. मालक घाबरले आणि त्यांनी मला फोन केला.

लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून) मशीन उठवलं. रेडची स्थिती दाखवणारी प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल बघितली तर एमडी१२७ ही अ‍ॅरे (डिस्कची जोडी) 'इनॅक्टिव्ह', आणि उरलेल्या डिस्कच्या नावापुढे कंसात एस. हे बघून भल्याभल्यांचं धाबं दणाणतं. अर्थ एवढाच, की जोडीदार आला नाही म्हणून अ‍ॅरे दारात थांबलीय. एमडीअ‍ॅडमला 'रन' सांगितलं आणि ती उभी राहिली, चौकोनी कंसात एक रेघ आणि एक यू, म्हणजे एक डिस्क गायब, एक चालू. पत्रिकांच्या सगळ्या फाइली जागच्या जागी.

मग बूट का होईना? यूईएफआय फर्मवेअरला (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला) लिनक्सचं रेड कळत नाही. त्याला बूटसाठी साधं फॅटचं पार्टिशन लागतं, ईएसपी, आणि ते फक्त मेलेल्या डिस्कवर होतं. दुसरीवर तेवढीच जागा सोडलेली, पण तिला कुणी हात लावलेला नाही. ती फॅट३२ केली, अ‍ॅरेवरची रूट माउंट केली, क्रूट करून (त्या सिस्टममध्ये शिरून) ग्रब-इन्स्टॉल चालवलं, म्हणजे लिनक्स उठवणारा प्रोग्राम टाकला, आणि बूटच्या सुरुवातीला लागणारं इनिटरॅमएफएस नव्याने बनवलं. साडू शेजारी हाताची घडी घालून उभे. रीबूट मारण्याआधी एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) उघडली. बूट-ईएफआयच्या ओळीत अजून मेलेल्या पार्टिशनचाच यूयूआयडी (ओळख क्रमांक). तो तसाच राहिला असता तर सिस्टमडीने (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये नेलं असतं आणि खापर पुन्हा रेडवर फुटलं असतं. नवा यूयूआयडी टाकला, पुढे 'नोफेल' (पार्टिशन सापडलं नाही तरी अडू नको) लावलं. मशीन उठलं. साडू म्हणाले, "नशीब तुमचं."

तुमच्याकडेही बहुधा हेच झालंय. लाइव्ह यूएसबी यूईएफआय मोडमध्येच उठवा, नाहीतर ग्रबला बूटची नोंद करता येत नाही. मशीन यूईएफआयच्या आधीच्या जुन्या बायोसचं असेल तर ग्रब दुसऱ्या डिस्कवरही टाका. डिस्कवरची पार्टिशन-यादी नव्या जीपीटी पद्धतीची असेल तर त्यासाठी छोटं बायोस-बूट पार्टिशन लागेल.

कार्डाचं म्हणाल तर, कार्ड फर्मवेअरला एकच डिस्क दाखवतं, त्यामुळे ही भानगड होत नाही. साडूंचं तेवढं खरं. पण कार्ड मेलं की त्याच जातीचं कार्ड शोधत फिरा. एमडीची डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनला लावली की वाचता येते. आणि साडू 'हार्डवेअर रेड' म्हणून विकतात ते बरेचदा मदरबोर्डवरचं फुकटचं असतं. इंटेलच्या बोर्डावरचं तर लिनक्सवर एमडीअ‍ॅडमच चालवतं! हे मी त्यांना कितीदा सांगितलं, विषय बदलतात.

हां, एक राहिलं. हे सगळं रेड-१ साठी. रेड-५ मधल्या दोन डिस्क गळाल्या असतील तर आधी 'एक्झामिन'ने इव्हेंट काउंट (कुठली डिस्क किती मागे राहिलीय) बघा, आणि नेटवर कुणी सांगितलं म्हणून 'क्रिएट' (नवी अ‍ॅरे बनवायची आज्ञा) टाइप करू नका. तुमच्या रेड-१ ला नवी डिस्क जोडण्याआधी उरलेलीतला डेटा बाहेर काढून ठेवा. दोन्ही जुन्या डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या असणार, म्हणजे दुसरीचाही भरवसा नाही. नव्या डिस्कवर ईएसपीही करा, तिच्यावरही ग्रब टाका.

सिंक संपलं की मशीन बंद करून एका डिस्कची केबल काढा आणि बूट होतं का बघा. केबल लावून ती डिस्क परत जोडा, सिंक होऊ द्या, मग दुसरीची काढा. साडूंनी हे एकाही गिऱ्हाइकाकडे केलेलं नाही. विचारलं तर 'एवढा वेळ कुणाला आहे' म्हणतात. बिलात 'टेस्टिंग चार्जेस' मात्र असतात.