ट्रेकी, ट्रेकर आणि आपला वारकरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंचा नवरा वीसेक वर्षं 'स्टार ट्रेक' ही अंतराळातल्या सफरींची अमेरिकन मालिका बघतोय, त्यांनी कौतुकाने चारचौघांत त्याला 'ट्रेकी' म्हटलं तर साहेबांचं तोंड वाकडं, म्हणे "ट्रेकी नाही, ट्रेकर म्हण". तर हा फरक नक्की कसला, आणि मराठीत कमी-जास्त वेड दाखवायला वेगवेगळे शब्द आहेत का, की सगळ्यांना सरसकट 'चाहता'च म्हणायचं?

ताई, नवरा उगाच चिडला नाहीये. हे भांडण त्याच्याहून जुनं आहे.

मालिका अमेरिकेत एनबीसीवर ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि तीन सीझन, ७९ भाग होऊन १९६९ मध्ये बंद पडली. खरं तर दुसऱ्या सीझननंतरच गाशा गुंडाळणार अशी कुणकुण होती, पण बघणाऱ्यांनी चॅनेलवर पत्रांचा असा मारा केला की १ मार्च १९६८ ला भाग संपल्यावर टीव्हीवरूनच सांगावं लागलं की बाबांनो, मालिका पुढे चालू राहणारे. म्हणजे वेडी माणसं सुरुवातीपासूनच तयार होती. 'ट्रेकी' हा शब्द १९६७ मधला मानतात, साय-फाय कथांचे एक संपादक होते आर्थर साहा, त्यांनी संमेलनात मालिकेतल्या स्पॉकसारखे टोकदार कान लावून हिंडणारी पोरं बघितली आणि त्यांना हे नाव दिलं. म्हणजे बघा, नाव ठेवलं ते लांबून बघणाऱ्याने, कान लावणाऱ्याने नाही. सगळी गोम इथेच आहे.

आता त्या नावाच्या शेपटाकडे बघा. इंग्रजीत शेवटी तो 'ई' लागला की शब्द लाडाचा होतो किंवा हलका होतो, बऱ्याचदा दोन्ही एकदमच, हिप्पी, ग्रुपी, जंकी वगैरे. आपल्याकडे हेच काम 'या' करतो ना. गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या. मित्राने हाक मारली तर गोड, ऑफिसात नव्या माणसाने तसंच म्हटलं तर मारामारी. तर ट्रेकी म्हणजे सरळसरळ 'ट्रेक्या'. उलट 'ट्रेकर'मधला 'अर' हा ड्रायव्हर, टीचरमधला, काम करणाऱ्याचा, त्यात लाड नाही पण इज्जत आहे. जे लोक मालिकेवर लेख लिहायचे, स्वतःच्या पैशाने अंक छापायचे ('स्पॉकनेलिया' हा असा पहिला अंक १९६७ मध्येच निघाला होता), त्यांना ट्रेक्या म्हणवून घेणं कसं पटणार, मग सत्तरच्या आसपास ट्रेकर रूढ व्हायला लागला. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं मोठं संमेलन झालं, आयोजकांनी काहीशे धरले होते आणि तीन हजारांवर लोक आले, तेव्हा आता पेपरात आपल्याबद्दल काय छापून येतं याची काळजी वाटणारा एक गट तयार झालाच असणार की.

त्यात १९८६ मध्ये खुद्द मालिकेच्या नायकाचं, कॅप्टन कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरने एका विनोदी टीव्ही शोमध्ये फॅन लोकांना "अरे जरा स्वतःचं आयुष्य बघा" असं सुनावलं. नाटकच होतं ते, पण लागलं बऱ्याच जणांना. आणि १९९६ मध्ये अमेरिकेत गाजलेल्या व्हाइटवॉटर खटल्यात एक ज्यूरी बाई रोज स्टारफ्लीटचा, म्हणजे मालिकेतल्या अंतराळ दलाचा, युनिफॉर्म चढवून कोर्टात येत होत्या! त्यांना ज्यूरीतून काढलं ते पत्रकारांशी बोलल्या म्हणून, युनिफॉर्मसाठी नाही, पण हा तपशील कुणाच्याच लक्षात राहत नाही. असं काही झालं की शर्ट-पँट घालून नोकरीला जाणारा फॅन घाईघाईने सांगतो, ते ट्रेकी हो, मी ट्रेकर.

म्हणून माझं मत असं की हा फरक वेड किती यापेक्षा बोलतंय कोण याचा आहे. पुष्कळ लोक समजावतात की ट्रेकी म्हणजे जास्त पागल आणि ट्रेकर म्हणजे शहाणा, काही जण बरोब्बर उलटं समजावतात, आणि दोन्ही बाजूंचे तितकेच ठाम असतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, बास. आणि असेही खूप फॅन आहेत जे मजेत स्वतःला ट्रेकीच म्हणवतात, त्यांना काही फरक पडत नाही.

आता मराठी. आपल्याकडे छंद, नाद, वेड, खूळ अशी चढती भाजणी आहे असं वाटतं, पण वापरताना ऐका. "मला छंद आहे", "त्याला नाद आहे", "त्याच्या डोक्यात खूळ शिरलंय". स्वतःबद्दल खूळ कोण म्हणतं? कोल्हापूरवाले सोडून, त्यांनी 'नाद खुळा' करून दोन्ही शब्दांची अब्रूच वाचवली. 'दर्दी' आणि 'रसिक' गाण्या-नाटकापुरते, स्टार ट्रेकचा रसिक म्हटलं की अत्तर लावून बसल्यासारखं वाटतं. 'भक्त' दहा वर्षांपूर्वी चालला असता, आता नको. 'चाहता' पेपरातला शब्द, घरात कोणी म्हणत नाही. आणि 'पंखा' हा विनोद आता पुरे.

सगळ्यात खालच्या पायरीला मात्र आपल्याकडे झकास शब्द आहे, बघ्या. चॅनेल बदलताना लागलं तर बघणारा. त्याची खूण म्हणजे तो "बीम मी अप, स्कॉटी" (म्हणजे मला यानात वर ओढून घे) म्हणतो, जे वाक्य मूळ मालिकेत जसंच्या तसं एकदाही नाहीये, आणि शेजारी मुरलेला माणूस बसला असेल तर तो लगेच दुरुस्ती करतो. माझी मावशी स्वतःला बघ्यांतच धरायची. "मी काही फॅन-बिन नाही हां" म्हणत पोळ्या लाटता लाटता 'डीप स्पेस नाइन' ही स्टार ट्रेकचीच पुढची मालिका बघायची, मूळ मालिकेतल्या स्पॉकचं नाव तिने कधी घेतलं नाही, तो "कानवाला". पण एकदा मी भाग मधूनच लावला तर आतून आवाज, "अगं हा दुसऱ्या भागातला आहे, आधीचा लाव, त्या कार्डासियन परग्रहवाल्याचं काय झालं ते कळणार नाही." तवा गॅसवर, पोळी करपायला आलेली. हिला काय म्हणायचं सांगा. १७६ भाग आहेत त्या मालिकेचे.

तर मला सुचतं ते असं. मुळात 'ट्रेक' हा शब्द इंग्रजीत आला आफ्रिकान्समधून, तिथे त्याचा अर्थ बैलगाड्यांचा लांबचा प्रवास, आणि मालिकेचा जनक रॉडनबेरी, त्याने मालिका विकली ती सुद्धा 'वॅगन ट्रेन' या काउबॉय मालिकेचं नाव सांगून, तसंच पण ताऱ्यांमध्ये, अशी. म्हणजे यात्राच की ही. आणि यात्रेच्या माणसांना आपल्याकडे शब्दांची काय कमी? यात्रेकरू एकदा जाऊन येतो, प्रसाद आणतो, फोटो दाखवतो. वारकरी दरवर्षी जातो, पाऊस असो नसो. माळकरी म्हणजे तर गळ्यात माळ, लग्नात मटणाच्या पंक्तीला "ते माळकरी आहेत" एवढं सांगितलं की वाढपी पुढे सरकतो, कारण विचारत नाही. टाळकरी आणि विणेकरी तर प्रत्यक्ष दिंडीत कामाला. हे 'करी' शेपूट शेतकरी, पहारेकऱ्यातलं, करणाऱ्याचं, म्हणजे इंग्रजीतल्या त्या 'अर'चा सख्खा भाऊ, आणि यात कोणाचा अपमान नाही.

मग २००९ चा सिनेमा थेटरात बघून खूश झालेला तो यात्रेकरू. दर वर्षी सगळे सीझन पहिल्यापासून लावणारा वारकरी. आणि मार्क ओक्रँडचा १९८५ चा क्लिंगॉन (मालिकेतल्या परग्रहवाल्यांची भाषा) शब्दकोश घेऊन जो खरोखर क्रियापदं पाठ करतो तो माळकरी, त्याच्यासमोर 'स्टार वॉर्स'चं नाव काढू नये, पथ्य मोडतं.

ताई, एक मात्र करू नका, मराठीत बोलताना नवऱ्याला नुसतं 'ट्रेकर' म्हणू नका, त्याने कितीही हट्ट धरला तरी. पुण्या-मुंबईत ट्रेकर म्हणजे गडावर जाणारा, विषय संपला. मी एका मित्राची ओळख सोसायटीच्या ग्रुपवर "हा जुना ट्रेकर आहे" अशी करून दिली होती, तासाभरात त्याला राजमाचीच्या यादीत घातलं, रविवारी पहाटे पाचला गाडी, टॉर्च आणि दोन लिटर पाणी आपापलं. तो गेला बिचारा, नाही म्हणता येईना. अर्ध्या वाटेत त्याने विचारलं की इथे नेटवर्क आहे का, रात्री नवीन भाग येणारे.