स्टँडवर टेकवताना गाडी कट्कन सरकत असेल तर आधी दरवाजाखालची कड बघा

तुम्ही लिहिलंय की स्विफ्टचं ऑइल घरीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलायचंय, जॅकने गाडी नीट वर जाते पण स्टँडवर, म्हणजे उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्यांवर, टेकवली की कट्कन आवाज होऊन जराशी सरकते, आणि शेजारच्यांनी सुचवलं म्हणून आता स्टँडऐवजी विटा लावू का. विटा अजिबात नको. सिमेंटचा ब्लॉक नको, पेव्हरही नको. एका कडेवर वजन आलं की ते फुटतात, आणि फुटायच्या आधी काही कळत नाही. पण तुमचा प्रॉब्लेम स्टँडचा नसावा, तो कट्कन आवाज माझ्या ओळखीचा आहे म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

दरवाजाखाली पत्र्याची जी उभी कड असते तिच्यावर पुढच्या चाकाच्या मागे दोन आणि मागच्या चाकाच्या पुढे दोन अशा जवळजवळ खाचा असतात. अशा प्रत्येक जोडीतल्या दोन खाचांच्या मधेच जॅक किंवा स्टँड लावायचा, तेवढाच भाग मजबूत केलेला असतो, त्यालाच जॅक पॉइंट म्हणतात. चारही चाकं जमिनीवर असताना बाजूने वाकून बॅटरी मारा आणि ती कड सरळ आहे का बघा.

आमची गाडी रत्नागिरीत असते. इथल्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिसला दिली होती, तिथे कोणीतरी घाईत ट्रॉली जॅक (चाकांवर सरकवायचा जॅक) खाचांच्या बाहेर लावला आणि कड आत दुमडली. वरून काही दिसत नाही, दार उघडताना-लावतानाही कळत नाही. रंग आणि सीलर तडकला, त्यात समुद्राची हवा आणि कोकणातला पाऊस, आतून गंज धरला. मग घरी स्टँडवर टेकवताना तीच कड चिरडली आणि गाडी एका अंगाला कलली. जॅक तसाच खाली ठेवला होता म्हणून गाडी त्याच्यावर अडली, आणि खाली कोणी गेलेलं नव्हतं. वर्कशॉपचं उत्तर ठरलेलं, आमच्याकडचं नाही, रस्त्यात दगड लागला असेल. जॉबकार्डवर गाडी घेतानाची अवस्था लिहिलेलीच नव्हती, मॅनेजर आज नाही उद्या या, उद्या गेलं की साहेब मीटिंगमध्ये, असे किती हेलपाटे घातले. इन्शुरन्सवाले म्हणाले गंज अपघातात बसत नाही, आणि पॉलिसी वाचली तर ते खरंच आहे. पत्रा कापून नवीन वेल्ड करायचा सगळा खर्च खिशातून गेला. एखाद्याने खरंच त्या गाडीखाली डोकं घातलं असतं तर, हा विचार आला की अजून संताप होतो.

म्हणून आता गाडी कुठेही सर्व्हिसला देताना चारही जॅक पॉइंटचे फोटो त्यांच्या माणसासमोर काढतो, आणि परत घेताना तिथेच वाकून बघतो. लोक बघतात, बघू देत.

मी मेकॅनिक नाही, गाडीगाडीप्रमाणे जागा बदलते, मॅन्युअलमधलं चित्र हेच शेवटचं. बोलेरोसारख्या चॅसिसवाल्या, म्हणजे खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या, गाड्यांना यातलं बरंच लागू होत नाही. तरी माझं मत सांगतो. जॅक फक्त उचलायला, वजन धरायला नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील गळायला लागलं की तो खाली बसत जातो, आणि डिकीतला कैचीवाला जॅक हा चाक बदलण्यापुरताच. स्टँड घेताना लिहिलेलं वजन एकाचं आहे की जोडीचं ते विचारा, आणि मला तरी आरपार पिन घालायचे स्टँड आवडतात, लॉक झालं की नाही ते डोळ्यांनी दिसतं. पेव्हरवर स्टँडचे पाय रुततात तर खाली जाड सलग लाकडी फळी टाका. पुढून उचलणार म्हणजे मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि हँडब्रेक, पण पुढे कधी मागून उचललीत तर लक्षात ठेवा, बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो, ती चाकं हवेत असली की तो गाडी धरत नाही, तेव्हा ठोकळे पुढच्या चाकांना. स्टँडवर टेकवल्यावर बाहेरूनच गाडी जोरात हलवून बघा, मगच आत जा, आणि घरात कोणालातरी सांगून जा.

खरं तर नुसतं ऑइलच बदलायचं असेल तर स्टँडपेक्षा चाकं चढवायचा लोखंडी रॅम्प बरा, वजन टायरवरच राहतं आणि त्या कडेचा संबंधच येत नाही. जुनं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, बरेच जण ठेवून घेतात.

सध्या गाडी वर चढवू नका. खाचांजवळचा फोटो उजेडात, खालून आणि बाजूने असे दोन काढून इथे टाका. कड नुसती जराशी वाकलेली असेल तर खाच असलेला रबर पॅड लावून जमेल का ते बघता येईल, पण गंजाचे पापुद्रे दिसत असतील तर आधी डेंटरकडे न्या.