रॉबी विल्यम्सचा पहिला सोलो अल्बम आधी आपटला आणि मग नंबर एकला गेला, हे कसं काय?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ‘लाइफ थ्रू अ लेन्स’ फ्लॉप गेला असं एका ठिकाणी वाचलं आणि ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत नंबर एकला होता असं दुसरीकडे, मग खरं कुठलं? दोन्ही खरं आहे. मधे 28 आठवडे गेले, इतकंच.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टेक दॅट हा मँचेस्टरचा पाच पोरांचा बँड, 1990 साली नायजेल मार्टिन-स्मिथ नावाच्या मॅनेजरने निवडून जमवलेला. गाणी लिहायचा गॅरी बार्लो, बहुतेक वेळा पुढे उभं राहून गायचाही तोच. रॉबी सगळ्यांत धाकटा, स्टोक-ऑन-ट्रेंटचा, बँडमध्ये आला तेव्हा 16 वर्षांचा. त्याचं काम नाचायचं, चेष्टामस्करी करायची आणि वाट्याला आलं तर एखादं गाणं म्हणायचं. एकत्र कुटुंबातलं शेंडेफळ असतं ना, तसं. लाड भरपूर, पण तिजोरीच्या किल्ल्या मोठ्याच्या कमरेला.

1995 च्या जूनमध्ये हे शेंडेफळ ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात ओएसिस या गिटारवाल्या रॉक बँडच्या टोळक्यात शिरून धिंगाणा घालून आलं. केस पिवळे केलेले, एक दात काळा रंगवलेला. पेपरात फोटो छापून आले. जुलैत गडी बँडबाहेर. तो गेला की त्याला घालवला, यावर दोन्हीकडच्या वेगळ्या कहाण्या आहेत. तालमीच्या खोलीतून निघताना तिथलं खरबूज उचलून घेऊन गेला, हा किस्सा मात्र बँडवाले हसत सांगतात. पुढे 13 फेब्रुवारी 1996 ला बँडच मोडल्याचं जाहीर झालं. तो नेमका रॉबीचा 22 वा वाढदिवस. रडणाऱ्या पोरींना धीर द्यायला ब्रिटनमध्ये फोनवर हेल्पलाइन सुरू कराव्या लागल्या होत्या. गंमत नाही, खरंच.

रॉबीने वेगळी चूल मांडली खरी, पण वर्षभर ती पेटेचना. जुन्या रेकॉर्ड कंपनीचा करार मानेवर होता. त्यातून सुटून 1996 च्या उन्हाळ्यात तो क्रिसॅलिस या कंपनीकडे आला आणि पहिलं गाणं काढलं ते जॉर्ज मायकलचं ‘फ्रीडम’. जो माणूस स्वतः ‘व्हॅम’ ही गाण्यातली जोडी मोडून बाहेर पडला होता, त्याचंच सुटकेचं गाणं. टोमणा कुणाला होता ते सांगायला नको. गाणं दोन नंबरला गेलं, पण पुढे अल्बमवर घेतलं नाही. त्या काळात रॉबी दारू आणि ड्रग्जमध्ये पुरता बुडालेला होता, अल्बमचं काम चालू असतानाच व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. जुन्या मॅनेजरने कमिशनसाठी कोर्टात खेचलं होतं, तो खटलाही 1997 मध्ये हरला. आणि तिकडे मोठे भाऊ गॅरी बार्लो यांची पहिली दोन सोलो गाणी लागोपाठ नंबर एक, मे 1997 मध्ये आलेला अल्बमही नंबर एक. पेपरवाल्यांनी निकाल लावून टाकला होता: शहाणा पुढे गेला, वाया गेलेला वाया गेला.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. ‘एंजल्स’ गाण्यामुळे अल्बम वाचला, हे उत्तर तुम्हाला कुठेही मिळेल आणि ते चूक नाही. पण त्याआधीची तीन गाणी का पडली, ते कुणी बघत नाही, आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथे आहे.

एप्रिल 1997 मध्ये अल्बममधलं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं विकायचं गाणं, आलं, ‘ओल्ड बिफोर आय डाय’. अर्थ साधारण असा की मरायच्या आधी मला म्हातारं व्हायचंय. आणि गाणारा पुढे काही महिन्यांत व्यसनमुक्ती केंद्रात. ते त्याने डेस्मंड चाइल्ड आणि एरिक बझिलियन या दोन पट्टीच्या अमेरिकन गीतकारांबरोबर लिहिलं होतं, तरी ऐकायला पक्कं ओएसिस. गिटारींची भिंत, स्वर ओढत गाणं, तोच माज. दोन नंबर. उन्हाळ्यात ‘लेझी डेज’, आठ नंबर. सप्टेंबरमध्ये ‘साउथ ऑफ द बॉर्डर’, 14 नंबर.

2, 8, 14. हा उतार नीट बघा. तेव्हा ब्रिटनमध्ये गाणं दुकानात आलं की पहिल्या आठवड्यात कट्टर चाहते तुटून पडायचे, पुढच्या आठवड्यात ते यादीत घसरायचं. म्हणजे हे आकडे गाण्याचे कमी आणि शिल्लक राहिलेल्या टेक दॅटच्या चाहत्यांचे जास्त आहेत. दर खेपेला त्यातल्या काही जणी गळत होत्या आणि नवं माणूस कुणी येत नव्हतं. नवं माणूस म्हणजे गिटारवाला श्रोता, त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता! पण त्याच्याकडे अस्सल ओएसिस होता, तो बॉयबँडमधून आलेल्या पोराचा ओएसिस कशाला घेईल? अल्बम आला 29 सप्टेंबर 1997 ला. त्याच दिवशी द व्हर्व या गिटारवाल्या बँडचा ‘अर्बन हिम्स’ आला. बाजूच्याच रॅकवर. रॉबीचा अल्बम 11 व्या नंबरला लागला आणि काही आठवड्यांत पहिल्या शंभरातूनही बाहेर. लोक फ्लॉप म्हणतात ते या टप्प्याला.

मग डिसेंबरच्या पहिल्या दिवशी ‘एंजल्स’ बाहेर काढलं. हे त्याने आणि गाय चेंबर्सने लिहिलेलं. चेंबर्स रीतसर शिकलेला संगीतकार, आधी ‘वर्ल्ड पार्टी’ नावाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. अल्बमची बहुतेक गाणी या दोघांची आणि निर्मिती चेंबर्स आणि स्टीव्ह पॉवरची. (रे हेफर्नन नावाच्या आयरिश गीतकाराचा दावा आहे की मूळ गाणं त्याचं. त्याला साडेसात हजार पौंड देऊन विषय मिटवला. त्या गाण्याने पुढे किती कमावलं ते बघता हा व्यवहार मला अजून टोचतो.)

‘एंजल्स’ कधीच चारच्या वर गेलं नाही. पण ते हललंच नाही. आठवड्यामागून आठवडे यादीत ठाण मांडून बसलं. पियानो आणि आवाज, बस. ढोलताशे धृपदाला येतात. पहिल्या कडव्यात तो कुणाचीही नक्कल करत नाहीये, हे लगेच कळतं. नाताळच्या खरेदीला निघालेल्या आया, मावश्या, ऑफिसातले लोक, ज्यांना टेक दॅट आणि ओएसिसच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनी ते उचललं. इंग्रज माणसं आज ते लग्नातही लावतात आणि अंत्यविधीलाही. 2005 च्या ब्रिट पुरस्कारांत (ब्रिटनमधले संगीताचे पुरस्कार) लोकांनी ते 25 वर्षांतलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. आपल्याकडे चॅनल व्ही आणि एमटीव्ही बघणाऱ्यांना तर रॉबी भेटला तो थेट इथूनच. त्याआधीची पडझड आपल्यापर्यंत पोचलीच नाही.

पण माझ्या मते गाडी खरी वळली ती पुढच्या दोन गोष्टींनी. फेब्रुवारी 1998 मध्ये ब्रिट पुरस्कारांच्या मंचावर तो टॉम जोन्सबरोबर नाचला. टॉम जोन्स म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, जुन्या वळणाचा, कंबर हलवून गाणारा माणूस. रॉक-बिक काही नाही, शुद्ध करमणूक. आणि मार्चमध्ये आलं ‘लेट मी एंटरटेन यू’. व्हिडिओत तोंडाला किस बँडसारखा पांढरा-काळा रंग फासून तो जे काही करतो ते बघाच. तीन नंबर. एप्रिलमध्ये अल्बम नंबर एक.

रॉबीचा बाप पीट कॉनवे क्लबांमधून विनोद सांगणारा, गाणारा कलाकार. पोरगं त्या वातावरणात वाढलेलं. आपल्या तमाशात सोंगाड्या असतो, त्या जातीचं हे रक्त: पब्लिकच्या डोळ्यात डोळे घालायचे, स्वतःचीच टर उडवायची, आणि मधेच एक ओळ अशी म्हणायची की हसणाऱ्याच्या घशात आवंढा यावा. बँडने त्याला मागे उभं करून हे दाबलं, आणि बँड सोडल्यावर त्याने स्वतःच दोन वर्षं दाबून ठेवलं, कारण सोंगाड्याला रॉकवाले हसतील ही भीती. ‘लेट मी एंटरटेन यू’ अल्बमवर पहिल्यापासून आठव्या नंबरला बसलेलं होतं. कंपनीने ते पाचवं सिंगल म्हणून काढलं! मी तिथे असतो तर पहिलं काढलं असतं. अर्थात मी तेव्हा बारावीत नापास व्हायच्या तयारीत होतो, मला कोण विचारतंय.

अल्बम म्हणून विचाराल तर अर्धा चांगला आहे. ‘इगो अ गो गो’ हे बार्लोवर काढलेलं उट्टं आहे असं म्हणतात, पण गाणं म्हणून फुसकं. ‘वन ऑफ गॉड्स बेटर पीपल’ आईवर आहे, साधं आहे, मला आवडतं. ‘क्लीन’ व्यसनमुक्ती केंद्रात राहून आल्याबद्दल. मधलं बरंचसं आज ऐकताना 1997 चा वास येतो. पुढे 2003 मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला त्याच्या कार्यक्रमांना तीन रात्रींत पावणेचार लाख लोक आले ते याच माणसासाठी, पण त्याची पक्की ओळख या अल्बमच्या दोनच गाण्यांत दिसते. गॅरी बार्लोचा दुसरा अल्बम 1999 मध्ये 35 व्या नंबरवर अडकला आणि कंपनीने त्याला सोडलं. 2010 मध्ये दोघांनी मिळून गाणं केलं आणि रॉबी टेक दॅटबरोबर परतही आला, तो वेगळा विषय.

ऐकणार असाल तर आधी आठवं, मग चौथं, मग सुरुवातीपासून. आणि सीडी मिळाली तर शेवटचं गाणं संपल्यावर लगेच काढू नका. आमचा मावसभाऊ जहाजावर होता, त्याने 1998 मध्ये ही सीडी आणली. डोंबिवलीला मावशीकडेच काय तो प्लेअर होता. दुपारची वेळ, बाहेरच्या खोलीत मी जर्नल उतरवत बसलेलो. गाणी संपली, पंख्याचा आवाज तेवढा राहिला, पण प्लेअरवरचे हिरवे आकडे पळतच होते. बिघडला वाटलं. चांगली काही मिनिटं गेली असतील, आणि एकदम रॉबी बोलायला लागला. गाणं नाही, कविता. शाळेतल्या एका मास्तरांना उद्देशून, ज्यांना वाटायचं की या पोराचं काही होणार नाही. नमस्कार सर, ओळखलंत का, अशी सुरुवात आणि मग मनसोक्त वाभाडे.

मावशी झोपेतून उठून आली. म्हणाली, “कोण रे एवढं भांडतंय?”

मी म्हटलं, “शाळेतल्या सरांशी भांडतोय.”

“मग भांडू दे,” म्हणाली आणि चहा टाकायला गेली.