एररहँडलर गप्प का बसतो?

प्रश्न : गावच्या वाचनालयासाठी पुस्तकं शोधायची वेबसाइट फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट) केली आहे. लॅपटॉपवर छान चालते. गिटमधून क्लाउडवर चढवली की ५०३, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’. चुकांसाठी एररहँडलर लिहिलाय, तोही गप्प. लॉगमध्ये शेवटी ‘वर्कर फेल्ड टू बूट’ दिसतं. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : हँडलर गप्प आहे, कारण त्याची पाळीच आलेली नाही. कुणी पान मागितल्यावर जी चूक होते, तेवढीच तो पकडतो. तुमचा कोड पडतोय त्याच्या आधी, गनिकॉर्न (क्लाउडवर ॲप चालवणारा सर्व्हर; त्याच्या कामकरी प्रोसेस म्हणजे वर्कर) तो इम्पोर्ट, म्हणजे लोड, करत असताना. कुणी सिस.एक्सेप्टहुक (कुणीच न पकडलेली चूक शेवटी जिथे जाते ती पायथनची सोय) लावायला सांगेल. इथे त्याचा उपयोग नाही, कारण गनिकॉर्न ती चूक स्वतःच पकडतं, लॉगमध्ये लिहितं आणि वर्कर ‘३’ हा एक्झिट-कोड देऊन बंद होतो.

लॉगमधली ती शेवटची ओळ सोडा. जरा वर ‘एक्सेप्शन इन वर्कर प्रोसेस’ शोधा आणि त्याखालच्या ट्रेसबॅकचं (चूक कुठून कुठे आली त्याची यादी) शेपूट वाचा. माझी पैज की-एररवर, म्हणजे कोडने मागितलेलं नाव सापडलं नाही या चुकीवर! डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड तुमच्या लॅपटॉपवरच्या डॉट-ईएनव्ही फाइलमध्ये असणार. ती गिटमध्ये नसते, नसावीच. ती मूल्यं क्लाउडच्या सेटिंग्जमध्ये वेगळी भरावी लागतात.

एक मात्र करू नका. मी एकदा अशीच चूक ट्राय-एक्सेप्टमध्ये घालून खाली ‘पास’ लिहिलं होतं. शुक्रवारची संध्याकाळ, घरी जायची घाई. ॲप उठलं, हिरवा दिवा लागला, क्लाउडने जुनी चालती आवृत्ती काढून सगळे लोक नव्या आवृत्तीकडे वळवले, आणि प्रत्येक पानावर ५००, म्हणजे सर्व्हरमधली चूक. ॲप सुरू होतानाच मेलं असतं तर जुनी आवृत्ती तशीच चालू राहिली असती. म्हणून चूक पकडायचीच असेल तर लॉगिंग.एक्सेप्शनने नोंदवा आणि पुढच्याच ओळीत रेझ करा, म्हणजे तीच चूक पुन्हा वर फेका. लागणारी मूल्यं सुरुवातीलाच एकदम तपासा, जी नाहीत त्यांची नावं छापा आणि थांबा. नाहीतर एक भरलं की दुसरं, आणि दर वेळी नव्याने चढवत बसायचं.

पुढच्या वेळी चढवण्याआधी रिकाम्या फोल्डरमध्ये गिट क्लोन करा, नवं व्हेन्व्ह (पॅकेजेसची वेगळी, कोरी जागा) बनवा आणि तिथेच गनिकॉर्न चालवा. रिक्वायरमेंट्समध्ये (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) एखादं पॅकेज लिहायचं राहिलं असेल तर तेही तिथेच कळेल. (विंडोजवर गनिकॉर्न चालत नाही, डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, घ्या.)

की-एरर नाही निघाली तर ट्रेसबॅकच्या शेवटच्या दहा ओळी पाठवा. पासवर्ड तेवढा खोडून!