रात्रपाळी, झिरो बल्ब आणि मनातली धास्ती

प्रश्न : मी 42 वर्षांची आहे, सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स. 19 वर्षं तीन पाळ्यांत काम करते, महिन्याला सात तरी नाइट येतातच. माझ्याबरोबर जीएनएमचा नर्सिंग कोर्स केलेल्या मैत्रिणीला गेल्या महिन्यात स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. तेव्हापासून घरातले म्हणतात, ‘रात्रपाळीनंच होतं हे, नोकरी सोड.’ लेक झिरो बल्ब लावून झोपते, तोही मी रात्रीच्या उजेडाला घाबरून काढून टाकला. खरं काय आहे?
– एक परिचारिका, लातूर

उत्तर : ताई, मी 34 वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची अकरा इन्चार्ज म्हणून. तुमचं पत्र वाचताना पहाटे चारचा वॉर्ड डोळ्यांसमोर आला. सलाइन बदलून झालेली, मावशी भिंतीला टेकलेली आणि डोक्यावर ट्यूबलाइटचा पांढरा झोत.

भीती निराधार नाही, हे आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या ल्यों शहरात आहे. तिने 2007 साली आणि पुन्हा 2019 साली रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. पण या गटाचा अर्थ नीट समजून घ्या. पुराव्याची खात्री किती, एवढंच तो सांगतो. धोका केवढा, हे सांगत नाही. लाल मांस आणि 65 अंशांहून गरम पेयंही त्याच गटात आहेत.

अमेरिकेतल्या परिचारिकांचाच एक मोठा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. महिन्यात तीन किंवा जास्त नाइट, अशी फिरती पाळी 30 वर्षं किंवा त्याहून जास्त केलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण 36 टक्क्यांनी अधिक दिसलं. म्हणजे शंभरातल्या 36 जणींना होतो असं नव्हे. रात्रपाळी न केलेल्यांच्या ज्या गटात 100 जणींना होईल, तेवढ्याच मोठ्या गटात 136 जणींना, असा तो हिशोब. त्याहून कमी वर्षं केलेल्यांत वाढ 8 टक्क्यांच्या आसपासच होती. पुढे 2016 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशी वाढ आढळलीच नाही. उलट डेन्मार्कने 20 वर्षांहून जास्त काळ रात्री काम केलेल्या काही आजारी स्त्रियांना भरपाई दिली. तज्ज्ञांतही एकमत नाही, मग घरच्यांनी एवढ्या ठामपणे निकाल कशाला द्यावा?

शरीरात काय होतं? अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि ‘रात्र झाली’ हा निरोप शरीरभर जातो. डोळ्यांवर झगझगीत, विशेषतः निळसर उजेड पडला की हा निरोप थांबतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेलाटोनिन कमी झालं की गाठी वेगाने वाढताना दिसल्या. माणसांत त्याच्या जोडीला मोडलेली झोप, अवेळी जेवण, वाढतं वजन हेही असतं, त्यामुळे दोष नेमका कशाचा, हे वेगळं काढणं अवघड जातं.

लेकीच्या झिरो बल्बची चिंता मात्र सोडा. ब्रिटनमध्ये एक लाखाहून अधिक स्त्रियांना झोपायच्या खोलीतल्या उजेडाबद्दल विचारून वर्षानुवर्षं नोंद ठेवली. स्तनाच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही. पोरीला अंधाराची भीती वाटत असेल, तर बल्ब परत लावा.

नोकरी सोडू नका. पाळीचा तक्ता मात्र बदलून घ्या, आणि ते मागताना संकोचू नका. सलग तीनहून जास्त नाइट नकोत आणि दोन पाळ्यांत किमान 11 तासांचं अंतर हवं, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. मी इन्चार्ज होते तेव्हा सलग सात नाइट लावायची पद्धत होती. ‘एकदाच काय ते उरकतं’ म्हणून मुलीही मागून घ्यायच्या आणि मी देत राहिले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दिवसाची झोप ही घरच्यांनी सांभाळायची गोष्ट आहे. माझ्या सासूबाईंनी खिडकीला काळी घोंगडी टांगली होती. मी झोपले की भाजीवाल्याला त्या कोपऱ्यावरच गाठायच्या आणि कुकर दुपारी दोननंतर लावायच्या. तुमच्याकडे जो ‘नोकरी सोड’ म्हणतो, त्याला आधी दुपारचा स्वयंपाक आणि दाराची बेल सांभाळायला सांगा. मेलाटोनिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि तपासणी. आपण शेकडो बायकांना सांगतो आणि स्वतः टाळतो. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. सरकारी केंद्रांत तिशीपुढच्या स्त्रियांसाठी ही तपासणी आहे. याच आठवड्यात करून घ्या. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

मैत्रिणीला मात्र ‘नाइटमुळे झालं’ असं कुणी म्हणू देऊ नका. एका माणसाच्या गाठीचं कारण असं बोट ठेवून सांगता येत नाही, आणि ती आत्ता मागची 19 वर्षं उकरून काढत बसली असेल. तिच्या केमोच्या तारखा विचारून घ्या, तुमचे नाइट ऑफ त्या दिवसांना जुळवा आणि तिच्याबरोबर जा.